जांभळ्याकडून पांढऱ्याकडे: घरी बांधलेल्या ग्रो लाइटची पार्श्वभूमी

घरातल्या झाडांसाठी स्वतः एलईडी दिवा जोडायला बसलं की पहिला प्रश्न रंगाचा येतो. लाल-निळे एलईडी घ्यायचे की पांढरे? उत्तर देणारी मोजमापं १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तरीही हौशी मंडळी कित्येक वर्षं लाल-निळे एलईडी मिसळून जांभळा उजेड पाडणारे दिवे बांधत राहिली. असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

विजेच्या उजेडात रोपाच्या पानात हरितद्रव्य तयार होतं, हे फ्रान्समध्ये एर्व्हे मांगों यांनी १८६१ मध्ये दाखवलं. १८८० मध्ये विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये आर्क दिव्याच्या, म्हणजे दोन कांड्यांमधल्या विजेच्या झोताच्या उजेडात रोपं वाढवली. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांच्या ध्यानात आलं की उघड्या आर्क दिव्याजवळची रोपं करपतात, पण मध्ये काच आली की नुकसान घटतं. उजेड किती आहे याबरोबरच तो कोणत्या किरणांचा आहे यालाही महत्त्व असतं, याची ती ठळक खूण होती.

रंगाचा गोंधळ मात्र दुसरीकडून आला. १८८२ मध्ये थिओडोर एंगेलमान यांनी शेवाळाच्या एका तंतूवर प्रकाशाचा वर्णपट पाडला. प्राणवायूकडे धावणारे जिवाणू तांबड्या आणि निळ्या भागाजवळ गोळा झाले, म्हणजे तिथे शेवाळ जास्त प्राणवायू सोडत होतं. प्रयोग देखणा होता आणि निष्कर्षही खरा होता. पुढे पानातून वेगळं काढलेलं हरितद्रव्य द्रावकात मिसळून ते कोणता रंग किती शोषतं याचे आलेख आले. त्यात मधला हिरवा पट्टा जवळपास रिकामा दिसतो. पाठ्यपुस्तकांतून तो आलेख सर्वांच्या मनात ठसला आणि ‘हिरवा उजेड झाडाला वाया जातो’ ही समजूत पक्की झाली.

पण कुपीतलं हरितद्रव्य वेगळं आणि जिवंत पान वेगळं. पानात उजेड पेशींमधून अनेकदा परावर्तित होत फिरतो, त्यामुळे हिरव्या किरणांपैकीही बरेचसे शोषले जातात. शिवाय कॅरोटिनॉइडसारखी इतर रंगद्रव्यंही असतात. शास्त्रज्ञ कीथ मॅक्री यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये बावीस पिकांची पानं वेगवेगळ्या तरंगलांबीच्या, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात ठेवून प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल सर्वांत वर होता खरा, पण हिरवाही चांगला उपयोगी निघाला. सुरुवातीला म्हटलेला १९७२ चा पुरावा तो हाच. ज्यांना दिवे बांधायचे होते त्यांच्यापर्यंत तो नीट पोचला असता तर पुष्कळ मेहनत वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

मग एलईडी लाल-निळेच का आले? कारण सुरुवातीला तेवढेच कामाचे होते. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले संशोधक अंतराळात रोपं वाढवण्यासाठी हलका, टिकाऊ आणि सहज न फुटणारा दिवा शोधत होते. त्यांनी लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवलं. जोडीला निळा उजेड ट्यूबलाइटचा घ्यावा लागला, कारण पुरेसा प्रखर निळा एलईडी अजून नव्हताच. १९९५ मध्ये कोलंबिया अंतराळयानात एलईडीच्या उजेडात बटाट्याचे कंदही वाढवून पाहिले गेले. प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये बाजारात आला. त्यामागच्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढे हौशी मंडळींच्या हाती १ आणि ३ वॉटचे सुटे एलईडी आले. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल आणि ४५० च्या आसपासचे निळे एलईडी थर्मल पेस्ट लावून उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवायचे, एकामागे एक सोल्डर करायचे आणि ठरावीक करंट देणाऱ्या ड्रायव्हरला जोडायचे. एक एलईडी गेला की अख्खी माळ विझायची. त्या उजेडात पानं काळपट दिसायची, त्यामुळे पिवळेपणा किंवा कीड वेळेत कळायची नाही. रोज झाडांकडे बघणाऱ्या माणसासाठी हा तोटा लहान नव्हता. २००४ मध्ये नासाच्या केनेडी केंद्रातल्या संशोधकांनी लाल-निळ्यात हिरव्याची भर घातल्यावर लेट्यूस जास्त वाढल्याचं दाखवलं.

चित्र पालटलं ते घरांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांमुळे. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा थर. खोल्या उजळण्यासाठी त्याचं प्रचंड उत्पादन झालं, किंमत घसरली आणि कार्यक्षमता वाढली. झाडांसाठी कुणी वेगळं काही बनवायची गरजच उरली नाही. क्री कंपनीचे सीओबी (एकाच पाटीवर दाटीने बसवलेल्या अनेक चिप), नंतर सॅमसंगच्या एलएम३०१बी सारख्या छोट्या एलईडींचे बोर्ड आणि ब्रिजलक्सच्या पट्ट्या हौशी लोकांनी थेट उचलल्या. २०१४ च्या एका तुलनेत उत्तम एलईडी दिवे आणि हरितगृहांत वापरले जाणारे उत्तम सोडियम दिवे दोन्ही खर्च केलेल्या विजेच्या जूलमागे साधारण १.७ मायक्रोमोल (प्रकाशकणांच्या संख्येचं माप) उजेड देत होते. आज चांगले एलईडी दिवे अडीचच्या पुढे जातात.

आता बहुतेक जण ३००० ते ४००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या पट्ट्या घेतात आणि हवे तर ६६० चे थोडे लाल एलईडी जोडतात. पट्ट्या जास्त लावून प्रत्येकीला करंट कमी द्यायचा, ही यातली सर्वांत उपयोगी युक्ती. त्यानं कार्यक्षमता वाढते, उष्णता कमी होते आणि बऱ्याचदा पंख्याची गरजच पडत नाही. शिवाय उजेड मोजणारा साधा लक्समीटरही पुन्हा कामाला आला. तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्याला झुकतं माप देतो, म्हणून जांभळ्या उजेडात त्याचा आकडा निरुपयोगी असायचा. ३५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीखाली मात्र लक्सला साधारण ७० ने भागलं की पानावर दर चौरस मीटरला सेकंदाला किती मायक्रोमोल उजेड पडतो, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.