डिबार वेगळं, रस्टिकेट वेगळं

पोळ्याच्या आठवड्यात पारोळ्याकडचे एक शेतकरी आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी आले. बियाण्याच्या दुकानाच्या पिशवीत चार घड्या घातलेलं पत्र होतं. पत्र माझ्यापुढे सरकवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भाऊ, मना आंडोरले कालेजमातून काढी टाकं का?" गावात कुणीतरी सांगितलं होतं, पोरगा रस्टिकेट झाला.

पत्रात तसं काहीच नव्हतं. उन्हाळी परीक्षेची संपूर्ण संपादणूक, म्हणजे त्या परीक्षेचे सगळेच पेपर, रद्द आणि पुढच्या एका परीक्षेस बसण्यास मनाई, एवढंच. "काढं नही हो बाबा, डिबार करेल शे," मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. पडणार तरी कसा? आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, कॉपीत सापडला तरी 'रस्टिकेट', होस्टेलात मारामारी केली तरी 'रस्टिकेट', हजेरी कमी भरली म्हणून फॉर्म अडला तरी 'रस्टिकेट'. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर या एका शब्दावर सगळं भागतं. घरच्यांना मात्र फार महागात पडतं. पोरगं घरी बसवतात, खोली सोडतात, कधी कधी नावही काढून घेतात, आणि शिक्षा तर तेवढी नसतेच.

डिबारचा संबंध पेपरशी. वर्गात पेपर चालू असतो, भरारी पथक शिरतं, पॅडखाली मायक्रो झेरॉक्सची पट्टी सापडते. मग चिठ्ठी जप्त, तिच्यावर पर्यवेक्षकाची आणि पोराची सही, पहिली उत्तरपत्रिका बाजूला, आणि हातात नवी कोरी उत्तरपत्रिका. खूप पोरं इथेच घाबरून उठून जातात. उठू नये. नव्या उत्तरपत्रिकेत उरलेल्या वेळात लिहायचं असतं आणि पुढचे पेपरही द्यायचे असतात, कारण त्या क्षणी शिक्षा झालेली नसते, फक्त प्रकरण तयार झालेलं असतं. पोराचा जबाबही तिथेच लिहून घेतात. जबाबाचा कागद मी रोज बघतो. नव्वद टक्के पोरं घाईत 'माझी चूक झाली' एवढंच लिहून मोकळी होतात. चिठ्ठी खिशात होती पण काढली नव्हती, की शेजारच्याने टाकली, की त्यातून खरंच उतरवलं, हे कुणी लिहीत नाही. समितीपुढे शिक्षा कमी-जास्त होते ती नेमकी याच फरकाने.

ही समिती कॉलेजची नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे विद्यापीठाचं परीक्षा व मूल्यमापन मंडळ ती नेमतं. प्राचार्यांच्या हातात फक्त अहवाल धाडणं असतं. त्यामुळे 'प्राचार्यांना भेटून मिटवून टाकू' म्हणून कुणाकुणाची ओळख काढत येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. तोवर निकाल राखीव. नंतर पोराला बोलावून म्हणणं ऐकतात. तेही काही उपकार म्हणून नाही. उत्तर प्रदेशातल्या बोर्डाने गैरप्रकाराच्या आरोपावरून परीक्षार्थींचे निकाल त्यांचं न ऐकताच रद्द केले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगून टाकलं, की आधी ऐकून घ्यावं लागेल.

डिबार मोजतात परीक्षांनी. महिने नाहीत, वर्षं नाहीत. 'अधिक एक' म्हणजे सापडला ती परीक्षा गेलीच, शिवाय पुढची एक. उन्हाळीत सापडला तर हिवाळी बंद, पुढची उन्हाळी खुली. प्रकार वाढला तसा आकडा वाढतो. दुसऱ्याच्या नावाने पेपरला बसणं हा त्यातला सर्वांत वरचा प्रकार. प्रत्येक विद्यापीठाची शिक्षासूची आपापली असते, म्हणून मावसभावाला पुण्यात किती झाली यावरून इथला हिशेब करू नये.

आणि या सगळ्या काळात पोराचा प्रवेश शाबूत असतो. ग्रंथालयाचं कार्ड चालतं, वर्गात बसता येतं, बोनाफाईड मिळतं, एसटीच्या सवलतीच्या पासावर आम्ही सही-शिक्का देतो. पुढे गुणपत्रकावर उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष मागे पडलेला दिसतो. त्याचं उत्तर नोकरीच्या मुलाखतीत द्यावं लागतं, ते त्याचं त्याने बघावं.

रस्टिकेट झालेल्याला हे काहीच मिळत नाही. डिबार परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवतं, रस्टिकेशन कॉलेजच्या फाटकाबाहेर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडं, शिवार. इंग्लंडातल्या जुन्या विद्यापीठांत शिक्षा म्हणून पोराला काही काळ गावी धाडत, त्याला रस्टिकेट करणं म्हणायचे. आपली निम्मी पोरं रोज संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने गावीच जातात, तो भाग वेगळा.

हे प्रकरण बहुतेक वेळा परीक्षेतून नाही, वागण्यातून येतं. सगळ्यांत स्पष्ट नियम रॅगिंगचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत शिक्षांची उतरंडच दिली आहे: वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेस मनाई, निकाल रोखणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द, मग एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेशन, आणि शेवटी कायमची हकालपट्टी. उतरंड नीट वाचली तर दोन गोष्टी दिसतात. परीक्षेस मनाई आणि रस्टिकेशन या तिथेही वेगवेगळ्या ओळी आहेत. आणि रस्टिकेशनला मुदत आहे. चार सत्रं संपली की पोरगा परत येऊ शकतो. हकालपट्टीत पटावरचं नावच जातं, शिवाय ठरावीक काळ दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

यात निलंबनाचा गोंधळ आणखी होतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची, असं संस्थाप्रमुखावर बंधन आहे. हे निलंबन म्हणजे अजून शिक्षा नव्हे. न्यायालयात दोष सिद्ध झाला तर मात्र दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, संस्थेतून बडतर्फी आणि पाच वर्षं कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही. गंमत म्हणून ज्युनिअरला रात्री गच्चीवर नाचायला लावणाऱ्यांना हा आकडा सांगितला की एकदम शांत होतात.

नंदुरबार, शिरपूरकडून आदिवासी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या पोरासाठी तर सत्र बंद होणं म्हणजे खोली, जेवण आणि शिष्यवृत्ती एकदमच धोक्यात. कॉपी केसमध्ये वर्ष जातं, रस्टिकेशनमध्ये जळगावात पाय ठेवायची जागाच जाते. म्हणून रस्टिकेशनच्या पत्रावर अपिलाचा विचार त्याच दिवशी करावा. रॅगिंगच्या प्रकरणात संलग्न कॉलेजच्या आदेशावर कुलगुरूंकडे आणि विद्यापीठाच्या आदेशावर कुलपतींकडे दाद मागता येते.

एकाच पोरावर दोन्ही येऊ शकतात. चिठ्ठी सापडली ते एक प्रकरण, आणि ती ओढून घेताना पर्यवेक्षकाची कॉलर धरली ते दुसरं. कागद दोन, सह्या दोन, उत्तरंही दोन द्यावी लागतात. पहिल्याच्या सुनावणीत दुसऱ्याची सफाई देत बसलेला मी पाहिलाय. समितीने ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही.

म्हणून पत्र हातात आलं की आधी खालची सही बघावी, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची की प्राचार्यांची. मग मोजमाप बघावं, 'परीक्षा' लिहिलंय की 'सत्र'.

त्या बाबांना एवढं सांगता सांगता अर्धा तास गेला. पत्राच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहून दिलं: हिवाळी नाही, उन्हाळी हो. त्यांनी कागद पुन्हा चार घड्यांत घातला, पिशवीत ठेवला आणि जाता जाता विचारलं, पोराच्या खोलीचं या महिन्याचं भाडं राहिलंय, भरू का?

"भरा," मी म्हणालो.