भट्टीतली सळई आणि आल्प्समधली हिमनदी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीत मी कामाला लागलो, तिथल्या जुन्या भट्टीच्या तळाशी सळ्यांची एक जाळी होती. सळ्या चांगल्या मनगटाएवढ्या जाड. नवीन बसवल्या तेव्हा लेव्हलला अगदी सरळ होत्या. वर्षभरात मधोमध त्यांना बाक आला. कुणी हातोडा घातला नव्हता, वर काही मोठं ओझंही नव्हतं. आमचे मेस्त्री म्हणायचे, "लोखंड बसलं." रोज तापून लाल होणारं लोखंड थोड्याशाच भारानं रोज केसभर खाली येत होतं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला 'क्रीप' म्हणतात. धातू वितळण्याच्या जितका जवळ, तितकं हे सरकणं जास्त.

ही सळई मला पुन्हा आठवली ती स्वित्झर्लंडमध्ये, आलेच हिमनदीवर, कमरेला दोर बांधून उभा असताना.

बर्फ म्हटलं की आपल्याला थंडगार, कडक, निश्चल वस्तू डोळ्यांपुढे येते. आमच्या धंद्यातल्या माणसानं मात्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघावं. तापमान शून्याखाली पाच अंश आहे असं समजा. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे शून्याखाली २७३ अंशांपासून, मोजलं तर हे झालं २६८, आणि बर्फ वितळतं २७३ ला. म्हणजे वितळबिंदूच्या ९८ टक्क्यांपर्यंत ते आधीच तापलेलं आहे. लोखंड वितळतं १,५३८ अंश सेल्सियसला. त्याच हिशेबानं ९८ टक्के काढले तर ते येतात साधारण १,५०० अंशांवर, म्हणजे डोळे दिपवणारं पांढरंफेक लोखंड. शून्याखाली पाच अंशांवरचं बर्फ आपल्या हाताला गार लागतं, पण बर्फाच्या दृष्टीनं ते भट्टीतच आहे. म्हणून ते आमच्या सळईसारखं बसतं, वाकतं आणि उतारावर असेल तर वाहतं.

किती वाहतं? १९५५ मध्ये जॉन ग्लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत बर्फाच्या तुकड्यांवर भार ठेवून त्यांची सरकण्याची गती मोजली. भार दुप्पट केला की गती दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. हिमनदीशास्त्राचा पाया आजही याच नियमावर आहे. जाड बर्फ पातळ बर्फापेक्षा इतकं वेगानं का धावतं, याचं उत्तर त्यात आहे. आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. तिच्यावर कॉन्कॉर्डिया नावाची जागा आहे. तिथे वरून आलेले बर्फाचे प्रवाह एकत्र मिळतात, आपल्या भाषेत संगमच. तिथे बर्फाची जाडी सुमारे ८०० ते ९०० मीटर आहे. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून बेळगावला येताना आपण जेवढी उंची चढतो, त्याहूनही जास्त बर्फ पायाखाली! आणि ते वर्षाला १८० मीटरच्या आसपास सरकतं, म्हणजे दिवसाला अर्धा मीटर. आपली मलप्रभा या चालीनं कणकुंबीहून निघाली असती, तर कूडलसंगमला कृष्णेला मिळायला तिला सोळाशे-सतराशे वर्षं लागली असती. बदामीच्या चालुक्यांच्याही आधी निघालेलं पाणी आत्ता कुठे पोहोचलं असतं.

तिथे जायचं ठरलं तेव्हा आमच्या रविवारच्या ट्रेकवाल्या मंडळींना पहिला प्रश्न पडला तो दोराचा. राजहंसगड, जांबोटी, चोर्ला इथं आम्ही वर्षानुवर्षं फिरलो. कड्यावर दोर लागतो हे ठाऊक होतं. पण हिमनदी तर फोटोत मैदानासारखी सपाट दिसते, मग तिथे चौघांनी एकाच दोराला का बांधून घ्यायचं?

उत्तर आमच्या गल्लीतच मिळालं. शेजारचे सुभेदार काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, सियाचीनवर राहून आलेले. एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य त्या ७६ किलोमीटर लांब हिमनदीवर पाय रोवून आहे, आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तयार झालेली पोरं तिथे जाऊन आली आहेत. काकांनी परसातला कासरा काढला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं आंब्याच्या बुंध्याला.

"आता दोन पावलं मागं सरक, दोर ढिला सोड. आणि दे अंग झोकून."

दिलं. दोर ताणला गेला तेव्हा कमरेत असा हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"हे दोन पावलांचं झालं. तिथं झाडाच्या जागी तुझा दोस्त असतोय, आणि तो उभा असतोय बर्फावर. ढिला दोर म्हणजे दोर नव्हेच की रे बाळा."

मी घरी येऊन हिशेब केला. दोरात दोन मीटर ढील असेल, तर दोर ताणला जाईपर्यंत पडणाऱ्याचा वेग ताशी बावीस-तेवीस किलोमीटर होतो. ऐंशी किलोचा माणूस त्या वेगानं लटकला तर निसरड्या बर्फावरचा एकटा साथीदार सहज ओढला जाईल. म्हणून तीन ते पाच जण एका दोरावर, दोघांत आठ-दहा मीटर अंतर, आणि दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतकाच सैल.

पडायचं कुठे? तर भेगांत. क्रेव्हास म्हणतात त्यांना. खोलवरचं बर्फ वरच्या वजनाखाली दाबलं गेल्यामुळे मऊ वागतं, पण वरचा तीस-चाळीस मीटरचा थर कडक आणि ठिसूळ राहतो. खालचा भाग वाहत असतो, वरच्याला तेवढं ताणून घेता येत नाही, म्हणून तो फाटतो. तळाशी खडकाचा उंचवटा असेल तिथे, वळणावर, आणि कडेचं बर्फ डोंगराला घासून मागे रेंगाळतं तिथे भेगा हमखास. त्या फार खोल जात नाहीत, कारण खालचा दाब त्यांना पुन्हा मिटवतो. पण तीस मीटर म्हणजेही दहा मजले. आणि खरा धोका उघड्या भेगेचा नाहीच. हिवाळ्यात वाऱ्यानं वाहून आलेलं भुसभुशीत हिम भेगेच्या तोंडावर साचून पूल तयार होतो. वरून बघितलं तर सगळं एकसारखं पांढरं.

हा पूल टिकतो कसा, हे मला फाउंड्रीवाला म्हणून फार आवडलं. धातूची भुकटी साच्यात दाबून, न वितळवता, नुसती तापवली तर कण एकमेकांना चिकटतात. त्याला सिंटरिंग म्हणतात. हिमाचे कणही तेच करतात. आधी सांगितलं तसं बर्फ कायम भट्टीतच असतं. एका रात्रीत कणाकणांमध्ये मान, म्हणजे बारीक जोड, तयार होते आणि सकाळी तोच ढीग माणसाचं वजन पेलतो. ताज्या हिमाचा घनमीटर साधारण शंभर किलोचा, दाबून-जुळून झालेल्या बर्फाचा नऊशेच्या घरातला. हिम आणि बर्फ हे दोन शब्द मराठीत आहेत ते किती बरं आहे! आपण ते उगाच एकाच अर्थानं वापरतो.

हिमनदीवरच्या प्रवासाचं सगळं वेळापत्रक या पुलांवर बसवलेलं असतं. पहाटे तीन-चारला उठायचं, अंधारात डोक्याला टॉर्च लावून निघायचं आणि दुपारच्या आत पुढचं हट, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, गाठायचं. मला आधी वाटलं होतं ही शिस्तीची हौस आहे. तसं नाही. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. आपल्याकडे डिसेंबरात आभाळ मोकळं असलं की पहाटे हुडहुडी भरते, आणि ढग आले की शेतकरी म्हणतो आज थंडी पळाली. तोच नियम. मोकळ्या आभाळाखाली हिमाचा वरचा थर गोठून कडक होतो, दिवस वर आला की त्यात पाणी सुटतं आणि पूल कच्चा होतो. आमचा गाईड रात्री दोनदा बाहेर जाऊन फक्त चांदण्या दिसतात का ते बघून आला. आभाळ भरलेलं असतं, तर त्यानं सकाळचा रस्ता बदलला असता किंवा निघूच दिलं नसतं.

आम्ही युंगफ्राउयोखच्या रेल्वे स्टेशनवरून उतरलो होतो. स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, १९१२ पासून चालू आहे, आणि तिथली हवा समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. पहिल्या तासात बोलायची इच्छा होत नाही. गाईड पुढे, काठी हिमात खुपसत. काठी एकाच गतीनं आत जात राहिली तर ठीक, मध्येच एकदम हलकी झाली तर खाली पोकळी. एका ठिकाणी तो थांबला, काठी तीनदा टोचली आणि हात वर केला. मला तर काहीच दिसत नव्हतं. नीट बघितल्यावर हिमावर एक अगदी फिकट, रुंद खोलगट पट्टा दिसला, धुतलेल्या चादरीला मधोमध झोळ पडावा तसा. पूल बसायला लागला होता. आम्ही एकेक करून, भेगेला काटकोनात, तो ओलांडला. माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला, आणि खालच्या अंधारात माझ्या बुटाला काहीच लागलं नाही. दोर त्याच क्षणी ताठ झाला. काकांचा आंबा आठवला.

कुणी पूर्ण आत गेलंच तर दोर भेगेच्या ओठात रुतून बसतो. पडणं थांबवायला ते बरं, पण वर ओढताना तोच दोर वैरी. मग कप्प्या लावून एकास तिप्पट जोर देणारी ओढण्याची जोडणी तयार करतात, आमच्याकडच्या चेन पुलीचंच तत्त्व, फक्त घर्षणात बराच जोर वाया जातो.

मार्च ते मे या काळात याच वाटांवर स्की घालून लोक हटहून हटला जातात. फ्रान्समधल्या शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटपर्यंतची वाट त्यात सर्वांत नावाजलेली. उन्हाळ्यात ती १८६० च्या दशकात ब्रिटिश गिर्यारोहकांनी आणि स्थानिक गाईडांनी जोडली, आणि १९११ मध्ये ती स्कीवर पार झाली. स्की हे नुसतं घसरायचं साधन नाही. चालताना सगळं वजन एका बुटाच्या अडीचशे चौरस सेंटीमीटरवर येतं, एका स्कीचं क्षेत्रफळ त्याच्या सहापट. पुलावरचा दाब तेवढा कमी. चढताना तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर सरकतो, उलटा फिरवला तर अडतो, तसे ते केस पुढे घसरू देतात आणि मागे धरतात. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) आणि नायलॉनची.

स्कीवाल्यांचा मोठा शत्रू हिमकडा, म्हणजे उतारावरून सुटून कोसळणारं हिम. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. त्याहून सपाट असतील तर हिम सहसा सुटत नाही, त्याहून उभे असतील तर ते साचतच नाही. गाडलं गेलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांच्या आत उकरून काढलं, तर जगण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्यानं घसरते. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर गाडलेल्याचा ठाव सांगणारं, ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारं छोटं यंत्र, पाठीवर फावडं. आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यातले धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला ते गेले. त्या आठवड्यात बेळगावात कुठल्याही चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. काका मात्र आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत.

गाईडांच्या संघटनेची सुरुवातही अशाच एका दुर्घटनेतून झाली. ऑगस्ट १८२० मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर हिमकडा सुटून तीन गाईड भेगेत गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाईडांनी आपली संघटना उभी केली. ती आजही आहे. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी १८४२ पासून हिमनद्यांची चाल मोजली होती. त्यांनी हिशेब करून सांगितलं होतं की ते तिघं साधारण चाळीस वर्षांनी खाली दिसतील. १८६१ च्या ऑगस्टमध्ये बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी त्यांचे अवशेष आणि सामान बर्फातून बाहेर आलं. एक्केचाळीस वर्षं.

त्याच हिमनदीनं आपलंही काही परत केलं आहे. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान माँ ब्लांवर आदळलं, त्यात डॉ. होमी भाभा होते. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये वर्तमानपत्रं सापडली, इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याचे मथळे असलेली, वाचता येण्याजोगी. चोपन्न वर्षं त्या बर्फानं ती घडी मोडली नव्हती.

कॉन्कॉर्डियाचं हट हिमनदीच्या कडेला खडकावर आहे. १८७७ मध्ये बांधलं तेव्हा बर्फ त्याच्या खाली पन्नासेक मीटरवर होतं. आज ते दीडशे मीटरच्याही खाली गेलं आहे. वर जायला कड्याला ठोकलेला लोखंडी जिना आहे, साडेचारशेहून अधिक पायऱ्यांचा. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपलं दहा टक्के बर्फ गमावलं. संध्याकाळी मी तो जिना चढलो, दर पन्नास पायऱ्यांना थांबत. वर वरण-भात नव्हता, सूप होतं. पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळतं म्हणून डाळ शिजायला तिथे फार वेळ लागला असता.

पहाटे चारला पुन्हा उतरलो. वरच्या पायऱ्यांचं लोखंड काळपट, झिजलेलं होतं. तळाच्या तुकड्यावर टॉर्चचा उजेड पडला तेव्हा ते चकाकलं, वेल्डिंगची शिवण अजून स्वच्छ दिसत होती. मी सवयीनं तिच्यावरून अंगठा फिरवला. चांगलं काम होतं. शेवटची पायरी आणि बर्फ यांच्यामध्ये हातभर पोकळी होती. गाईडनं उडी मारली, वळला आणि माझ्याकडे दोराचं टोक दिलं.