टोपी की हार्टबीस्ट? रंग राहू दे, आधी शिंगांचं बूड बघा

टोपी आणि हार्टबीस्ट ही आफ्रिकेतली हरणासारखी दोन जनावरं. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून आपली मंडळी परत आली की फोटोंचा पूर येतो आणि दरवेळी तोच घोळ, टोपीच्या फोटोखाली हार्टबीस्ट, हार्टबीस्टच्या फोटोखाली टोपी. कुणी हटकलंच तर "एकच हो दोन्ही". नाहीयेत एकच. विल्डेबीस्टसकट (तेही तसलंच आफ्रिकी जनावर) सगळे एकाच गटातले, पण प्रजाती वेगळ्या: टोपी डॅमॅलिस्कस आणि हार्टबीस्ट अल्सेलॅफस.

टोपी बहुतेकांना माहितीये: तांबूस चकचकीत अंग, खांद्या-मांड्यांवर काळपट जांभळे चट्टे, खालचे पाय पिवळट. झालं. मारातला हार्टबीस्ट म्हणजे कोंगोनी, साधा वाळूच्या रंगाचा. चांगल्या उजेडात एवढ्यावर भागतं. पण सूर्य मागे असला की दोघंही काळेच दिसतात, दोघांचे खांदे उंच, पाठ मागे उतरती, तोंड लांबुळकं, मग लोक अंदाजपंचे काहीतरी लिहून मोकळे होतात.

तेव्हा शिंगं कुठून निघतात ते बघा. हार्टबीस्टच्या डोक्यावर हाडाचा चांगला उंचवटा असतो आणि शिंगं त्याच्या माथ्यावरून फुटतात, म्हणून डोळा आणि शिंगाचं बूड यात भरपूर अंतर पडतं आणि आधीच लांब असलेलं तोंड अजूनच लांब वाटतं. टोपीला हा उंचवटा नाही, शिंगं डोळ्यांच्या जरा वरूनच निघून मागे झुकत जातात. बाजूने काढलेल्या फोटोत हे चटकन कळतं. नुसत्या शिंगांच्या आकारावर जाऊ नका, कारण कोंगोनीची समोरून सायकलच्या हँडलसारखी आडवी पसरून वर वळतात, पण पश्चिम आफ्रिकेतल्या हार्टबीस्टची यू आकाराची असतात. उंचवटा मात्र या दोन्ही हार्टबीस्टना असतो.

आणि "वारुळावर उभा म्हणजे टोपीच" हे प्लीज बंद करा, हार्टबीस्टही वारुळावर चढून टेहळणी करतो. तसंच शिंगं दिसली की नर हा आपला काळविटाचा हिशोब, तो इथे चालत नाही, दोन्हीकडे माद्यांनाही शिंगं असतात.

नामशेष झालेल्यांतही हाच गोंधळ. उत्तर आफ्रिकेतला बुबल 20व्या शतकाच्या सुरुवातीला संपला, तो हार्टबीस्टच. व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर जीवाश्म सापडले तो रुसिंगोरिक्स मात्र विल्डेबीस्टच्या जवळचा. त्याच्याही कवटीवर मोठा फुगवटा आहे म्हणून लोक त्याला हार्टबीस्टकडे ढकलतात, पण तो फुगवटा नाकाच्या हाडाचा आहे, आतून पोकळ, शिंगांशी त्याचा काही संबंध नाही.