नमुना कुठल्या कपाटात आहे? टॅक्सॉनॉमिस्टच्या पेशाची पार्श्वभूमी

पावसाळा सरत आला की शिवनेरीच्या कातळावर शिंदळ माकुडीला फुलं येतात. पाच टोकांची, मांसल, गर्द तांबडी चांदणी आणि तिच्यावर पिवळे डाग. या वनस्पतीला 1860च्या दशकात निकोल डालझेल याने ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर, त्यांच्यावरून ‘फ्रेरिया’. तिच्या नात्यातल्या माकडशिंगांना म्हणण्यासारखी पानं नसतात, हिला मात्र चांगली हिरवी पानं असतात. त्यामुळे डालझेलने तिच्यासाठी वेगळा जीनसच, म्हणजे जवळच्या जातींचा वेगळा गटच, केला. पुढच्या अभ्यासकांना फुलाची रचना पानांपेक्षा महत्त्वाची वाटली आणि ती माकडशिंगांच्या कॅराल्युमा या जीनसमध्ये गेली. तिथे ‘इंडिका’ हे नाव दुसऱ्या एका जातीने आधीच अडवलेलं होतं, म्हणून 1958 मध्ये ती ‘कॅराल्युमा फ्रेरी’ झाली. आता बहुतेक अभ्यासक तिला ‘बूसेरोशिया फ्रेरी’ म्हणतात. गव्हर्नरसाहेब जीनसवरून जातीवर उतरले, पण नावातून गेले नाहीत.

टॅक्सॉनॉमिस्टचा, म्हणजे जीवांचं वर्गीकरण आणि नामकरण करणाऱ्याचा, धंदा म्हणजे नेमकं हे: वस्तू तीच, पण तिची जागा पुराव्यावर ठरवायची आणि नाव नियमावर. पुरावा म्हणजे नमुना. तो कुठे ठेवला, कोणाच्या ताब्यात राहिला आणि कोणाला बघायला मिळाला, यावर भारतातला हा पेशा घडला आणि आजच्या नोकऱ्याही त्यावरच ठरतात.

शब्दांबद्दल एक खुलासा. जुन्या मराठी विज्ञानलेखनात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ केला आणि घोटाळा कायमचा झाला. इथे जाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला जीनसच म्हटलं आहे.

आपल्याकडच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद युरोपीय छापखान्यात पोचली ती 1678 ते 1693 या काळात, अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’च्या 12 खंडांतून. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने कोचीनला बसून ते काम करवून घेतलं. माहिती दिली इट्टी अच्युदन या वैद्याने आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी भाषक वैद्यांनी. या तिघांचं 1675 सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. आजच्या दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने पुढे या ग्रंथातल्या चित्रांचा भरपूर आधार घेतला. त्याचं ‘स्पीशीज प्लँटारम’ 1753 सालचं, तर ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती 1758 सालची. वनस्पतींची नावं पहिल्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांची दुसऱ्यापासून. त्याआधीची नावं, मग ती कितीही चांगली असोत, नियमात मोजली जात नाहीत.

मलबारच्या कित्येक झाडांच्या लिनियन नावांचा पुरावा म्हणजे वाळवलेली फांदी नसून छापलेलं चित्र आहे, आणि चित्रातल्या फुलाचे पुंकेसर भिंगाखाली मोजता येत नाहीत. ती नावं नेमकी कुठल्या झाडाची, यावर अडीचशे वर्षांनंतरही शोधनिबंध निघतात ते यामुळे.

कंपनी सरकारला वनस्पतिशास्त्र हवं होतं ते साग, मसाले, नीळ आणि औषधांसाठी. 1787 मध्ये रॉबर्ट किडने कलकत्त्याजवळ बाग सुरू केली. 1793 पासून विल्यम रॉक्सबर्गने तिथे देशी चित्रकारांकडून सुमारे अडीच हजार वनस्पतींची चित्रं काढून घेतली. पण 1828 मध्ये नॅथॅनिएल वॉलिकने कलकत्त्याचा मोठा संग्रह लंडनला नेला आणि त्याच्या प्रती युरोपभर वाटल्या. वाटणी उदार होती, मात्र भारतीय वनस्पतींचे मूळ नमुने बघायला भारतीयाने बोटीने जायचं, अशी घडी त्यातूनच बसली. जोसेफ हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड 1872 ते 1897 दरम्यान तयार झाले ते लंडनजवळच्या क्यू बागेत.

महाराष्ट्राचं मूळ पुस्तकही याच वाटेने आलं. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, मुळात इंजिनिअर. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने निघाला, तोही निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसून लिहिलेला. सह्याद्रीत काम करणारा माणूस आजही आधी कुक उघडतो आणि मग नवी सूची. त्याच्या ओळखतक्त्यांवर विश्वास ठेवावा, नावांवर ठेवू नये. शंभर वर्षांत त्यातली बरीच बदलली आहेत.

सरकारी नोकरी म्हणून हा पेशा दोन तारखांना जन्मला. 13 फेब्रुवारी 1890 रोजी जॉर्ज किंग यांच्या हाताखाली बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया निघाला. 1 जुलै 1916 रोजी नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्या हाताखाली झूलॉजिकल सर्व्हे निघाला. सरकारच्या बाहेर मुंबईत 1883 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती, म्हणजे चहामळेवाले, जंगल अधिकारी आणि डॉक्टर यांची हौशी मंडळी. या हौशींनी जमवलेल्या कपाटांचं मोल सांगायला एक वटवाघूळ पुरेसं आहे. 1948 मध्ये अँगस हटन या मळेवाल्याने तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. सोसायटीच्या संग्रहात त्यावर आखूड नाकाच्या सामान्य फळवटवाघळाची चिठ्ठी लागली. 24 वर्षं ते तसंच पडून होतं. 1972 मध्ये थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते हातात घेतलं. शेपूट नव्हतं आणि दातांची ठेवण वेगळी होती. जात तर नवी निघालीच, जीनसही नवा निघाला: ‘लॅटिडेन्स सलीमअली’. लॅटिडेन्स म्हणजे रुंद दातांचा. जंगलात पाऊल न टाकता लागलेला हा शोध. संग्रहालयातल्या ‘ओळख पटलेल्या’ नमुन्यांकडे पुन्हा बघणं हे आजही नवशिक्याला सर्वांत स्वस्त पडणारं संशोधन आहे.

भारतीयांच्या हाती सूत्रं यायला वेळ लागला. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. बोटॅनिकल सर्व्हे मात्र तोवर नावापुरता उरला होता. त्याच्या पुनर्रचनेसाठी 1952 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना विशेष अधिकारी नेमलं. 1954 मध्ये सर्व्हे नव्याने उभा राहिला आणि लगोलग कोइमतूर, शिलाँग, पुणे, डेहराडून अशी मंडळं निघाली. पुढे त्याचे प्रमुख झाले मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव. त्याच कॉलेजात 1906 मध्ये ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सुरू झालं होतं.

पुढची तीस वर्षं या पेशाची भरभराट होती. प्रत्येक जिल्ह्याची ‘फ्लोरा’, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनासह यादी, ही एक पीएचडी. एमएस्सीला ‘टॅक्सॉनॉमी स्पेशल’ घेणारी पोरं दिवाळीच्या सुट्टीत नमुने दाबून वाळवायचा प्रेस पाठीला लावून डोंगरात जात. याच साच्यात दोष होता, तो तेव्हा फारसा कोणी बोलून दाखवला नाही: जिल्ह्याच्या सीमेत काम करणाऱ्याला झाड जिल्ह्याबाहेर कसं दिसतं हे कळत नाही. त्यामुळे याद्या ढीगभर आल्या, पण एखाद्या जीनसचा देशभराचा मोनोग्राफ, म्हणजे त्या एकाच गटाचा सखोल अभ्यास, विरळा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं कंदीलपुष्पांवरचं, म्हणजे सेरोपेजियावरचं, काम वेगळं उठून दिसतं ते त्यामुळे. तिथे एकाच गटावर पिढ्यान् पिढ्या काम झालं. विशाळगडावरच्या ‘सेरोपेजिया शिवरायीयाना’ची 2023 मधली नोंद त्याच परंपरेतली.

1986 मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग निघाला आणि निधी, जागा, हुशार विद्यार्थी तिकडे वळले. वर्गीकरणाचे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागा दुसऱ्या विषयांना गेल्या. 1992 च्या जैवविविधता करारानंतर जगाच्या लक्षात आलं की जे जपायचं आहे त्याची नावं सांगणारी माणसंच उरलेली नाहीत. भारतात 1999 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अखिल भारतीय समन्वित टॅक्सॉनॉमी प्रकल्प सुरू केला आणि जानकी अम्मल यांच्या नावाने पुरस्कारही. प्रकल्पांनी माणसं तयार केली. कायम जागा मात्र प्रकल्पातून निघत नाहीत.

मग कायदा आला. जैविक विविधता अधिनियम 2002 च्या कलम 39 प्रमाणे नवी जात सापडली तर ती नेमून दिलेल्या भांडाराला कळवून तिथे नमुना जमा करावाच लागतो. दोन्ही सर्व्हे, सागरी जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि विषाणूंसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही) ही अशी भांडारं. वॉलिकच्या बोटीला दिलेलं हे उशिराचं उत्तर म्हणता येईल. अडचण झाली ती सूक्ष्मजीववाल्यांची. 2001 पासून नव्या जिवाणूचं नाव मान्य व्हायला जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं. एक नियम देशात ठेवा म्हणतो, दुसरा बाहेरही पाठवा म्हणतो. वाटेत परवानगीची फाइल.

नामकरणाचे नियमही बदलले. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. 1 जानेवारी 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं आणि ऑनलाइन पीडीएफही ग्राह्य आहे. प्राण्यांसाठी त्याच वर्षी ऑनलाइन प्रकाशन मान्य झालं, पण झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. 2003 मध्ये पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांसाठी सुमारे 650 अक्षरांच्या एका जनुकतुकड्यावरून ओळख पटवण्याची पद्धत मांडली, ती बारकोडिंग. तिने कपाटं निकामी होतील असं भाकीत झालं. उलट झालं: डीएनएचा अनुक्रम कोणाचा हे सांगायला पुन्हा नमुनाच लागतो.

नमुना घ्यायची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही, आणि चुका तिथेच होतात. फुलासह फांदी, शक्यतो फळही, आणि एकाच झाडाच्या तीन ते पाच प्रती. फुलाचा रंग आणि वास जागेवरच लिहायचा, वाळल्यावर दोन्ही जातात. डीएनएसाठी पानाचा तुकडा तिथल्या तिथे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये. वर्तमानपत्रात घालून प्रेस आवळायचा आणि पहिल्या 24 तासांत कागद बदलायचे. कोकणात जुलैमध्ये हे टाळलं तर पानं काळी पडून गळतात आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. मुसळधार पावसात सगळं बंडल स्पिरिटने भिजवून प्लॅस्टिकमध्ये बांधण्याची जुनी युक्ती अजून चालते, पण त्याने रंग उडतो आणि डीएनएची वाट लागते. म्हणून सिलिकाचा तुकडा आधी. शेवटी 42 बाय 28 सेंटीमीटरच्या शीटवर चढवायचं. पूर्वी कीड लागू नये म्हणून शीट मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते विष आजही जुन्या शीटवर आहे, तेव्हा त्यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नये. आता वाळलेले नमुने खाणाऱ्या सिगारेट भुंगेऱ्यावर उपाय म्हणजे उणे 20 अंशांचा फ्रीझर.

बेडूक, मासा किंवा पाल असेल तर स्नायूचा तुकडा आधी 95 टक्क्यांवरच्या अल्कोहोलमध्ये, मग देह 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे बाजारातलं फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. नंतर धुऊन 70 टक्के अल्कोहोल. क्रम उलटला की डीएनए गेला. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहायची; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि स्थळाची नोंद नसलेला नमुना जवळजवळ निकामी. हे सगळं करण्याआधी परवाना: अभयारण्यात किंवा अनुसूचीतल्या प्राण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. परवान्याशिवाय गोळा केलेल्या नमुन्यावर कितीही चांगला निबंध लिहिला तरी संग्रहालय तो दाखल करून घेणार नाही.

निबंध परत येण्याची कारणंही ठरलेली आहेत. जवळच्या सगळ्या जातींचे मूळ नमुने न बघता फक्त फोटोंशी तुलना केलेली असते. होलोटाइपला, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नवं नाव बेतलं त्याला, संग्रहालयाचा दाखलक्रमांक नसतो. किंवा होलोटाइप कुठे ठेवला हे लिहायचं राहून जातं; वनस्पतींच्या बाबतीत 1990 पासून एवढ्या चुकीवर नाव अमान्य ठरतं. बढतीत मोजला जाणारा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती उल्लेख होतो याचा आकडा, ही वेगळी डोकेदुखी. तो मागच्या दोन वर्षांच्या निबंधांवरून काढतात, आणि या विषयात 1864 चा निबंधही रोजच्या वापरातला. 2020 मध्ये स्वतःचेच उल्लेख जास्त म्हणून ‘झूटॅक्सा’चा इम्पॅक्ट फॅक्टर काढून घेतला गेला, मग जगभरातून आरडाओरडा झाल्यावर परत दिला. प्राण्यांच्या नव्या जाती ज्या नियतकालिकात सर्वाधिक छापल्या जातात, त्याने त्याचेच उल्लेख करायचे नाहीत तर कोणाचे?

आज या वाटेने यायचं तर एमएस्सीनंतर बहुतेकांचा पहिला टप्पा सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. लाइफ सायन्सेसच्या 13 घटकांत वर्गीकरणाच्या वाट्याला मुख्यतः नववा घटक येतो, तेव्हा जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळवायला बायोकेमिस्ट्री आणि जनुकशास्त्र करावंच लागतं. फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. मार्गदर्शक निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्याच्या गटाचे नमुने जवळ कुठे आहेत ते बघावं. वनस्पती असतील तर पुण्यात सर्व्हेचं पश्चिम मंडळ आणि आघारकर संस्था, मुंबईत ब्लॅटर. प्राणी असतील तर आकुर्डीचं झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आणि मुंबईची सोसायटी. परदेशातल्या मूळ नमुन्यांचे स्कॅन आता घरबसल्या दिसतात, पण स्कॅनमध्ये फूल उलगडून बघता येत नाही, त्यासाठी पत्र लिहून परवानगी घ्यावीच लागते. पत्रात शीटचा बारकोड क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक लिहावा. नुसतं जातीचं नाव लिहिलं तर कपाटात तो नमुना कुठल्या जुन्या नावाखाली असेल, हे क्युरेटरला शोधत बसावं लागतं.