क्षितिजावरचा ट्रॉलर टीव्हीच्या वीतभर मागे

हर्णै बंदरावर एक डोळा मिटून उभे राहा. होडीला बांधलेला, हाताच्या अंतरावरचा दोर बाजूने बोट नेऊन नेमका टेकवायला जा. अंदाज चुकतो, बोट दोराच्या पुढून किंवा मागून जातं. आता तसाच एक डोळा मिटून समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग पाहा, मग क्षितिजावरचा ट्रॉलर पाहा. तिथे काहीच बिघडत नाही.

याचं कारण साध्या भूमितीत आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. एक मीटरवरची वस्तू पाहताना दोन नजरांमध्ये जवळजवळ पावणेचार अंशांचा कोन होतो. एक किलोमीटरवर तोच कोन एका अंशाच्या सुमारे २७०व्या भागाइतका उरतो. इतक्या बारीक फरकावरून अंतर ओळखणं मेंदूला फार कठीण जातं. मग तो दुसऱ्या खुणा वापरतो: कोण कोणाच्या आड आहे, आकार किती लहान झाला, हवेचा धुरकटपणा किती. दशावताराचं साधं चित्रण डीव्हीडीवर लावलं तरी संकासूर पुढे आहे आणि पेटीवाला मागे, हे कोणाला सांगावं लागत नाही, ते याच खुणांमुळे.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिलं की दोन सपाट चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली की मेंदू त्यांची एकच उठावदार वस्तू करतो. घरातला थ्रीडी टीव्ही याच तत्त्वावर चालतो. तो बाजारात आला २०१० मध्ये, आणि सात वर्षांत मोठ्या कंपन्यांनी तो बनवणंच सोडलं. दोष डिस्कचा, म्हणजे थ्रीडी चित्रपट ज्यावर येत त्या ब्लू-रेचा (डीव्हीडीनंतरच्या, जास्त साठा मावणाऱ्या तबकडीचा) होता असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते डिस्क हा त्यातला सगळ्यात हुशारीने केलेला भाग होता.

साध्या डीव्हीडीवर आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच ठिपके असतात. ब्लू-रेवर ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. हे जमलं ते लेझरमुळे. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा जांभळट निळा ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी कमी, म्हणून किरणाचा ठिपका बारीक आणि खुणाही दाटीने कोरता येतात. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, ब्लू-रेच्या थरात २५.

थ्रीडीसाठी दोन डोळ्यांची दोन चित्रं हवीत, म्हणजे जागा दुप्पट लागेल असं वाटतं. पण दोन्ही चित्रं जवळपास सारखीच असतात. म्हणून २००९ च्या अखेरीस ठरलेल्या ब्लू-रे थ्रीडीच्या मानकात एका डोळ्याचं चित्र पूर्ण साठवलं जातं आणि दुसऱ्याचा मुख्यतः फरक तेवढा. दुप्पट नव्हे, साधारण दीडपट जागेत काम भागतं. प्लेअर दोन्ही चित्रं उलगडतो आणि एकावर एक रचून केबलमधून पाठवतो: १०८० ओळी एका डोळ्याच्या, मध्ये ४५ ओळींची फट, खाली १०८० ओळी दुसऱ्याच्या. अशी २२०५ ओळींची उभी चौकट सेकंदाला २४ वेळा. इथपर्यंत काहीही हरवलेलं नसतं.

नुकसान पडद्यावर सुरू होतं. बॅटरीच्या चष्म्याच्या टीव्हीत डावं आणि उजवं चित्र आळीपाळीने येतं आणि त्याच तालावर चष्म्याच्या काचा उघडझाप करतात. प्रत्येक डोळा निम्म्याहून जास्त वेळ अंधारात, म्हणून चित्र काळवंडतं. साध्या, हलक्या चष्म्याच्या टीव्हीत एकाआड एक ओळी वेगवेगळ्या ध्रुवीकरणाच्या असतात, म्हणजे त्यांच्या प्रकाशलहरी वेगवेगळ्या तऱ्हेने कंप पावतात, आणि चष्म्याची प्रत्येक काच त्यातली एकच तऱ्हा आत सोडते. उजेड तिथेही निम्मा होतो, डोळ्यांना ताण कमी पडतो, पण फुल एचडी पडद्यावर प्रत्येक डोळ्याला ५४० ओळीच मिळतात. शिवाय हे ध्रुवीकरण करणारी, त्या ओळींवर लावलेली पारदर्शक पट्टी समोरून पाहण्यासाठीच जुळवलेली असते. आपल्याकडे टीव्ही बऱ्याचदा भिंतीवर उंच बसवलेला आणि माणसं खाली चटईवर. अशा कोनातून एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं आणि प्रत्येक वस्तूला सावलीसारखी जोडकडा दिसते. मे महिन्याच्या दुपारी पडवीतून उजेड आत येत असेल तर मग बघायलाच नको. आणि कुशीवर आडवं होऊन पाहणार असाल तर कुठलाच चष्मा उपयोगी नाही, कारण चित्रांतला फरक आडवा असतो आणि तुमचे डोळे तेव्हा उभ्या रेषेत.

याहून मोठी अडचण मात्र भूमितीतच आहे, आणि तिच्याबद्दल टीव्ही विकताना कोणी बोलत नव्हतं. समजा, दहा मीटर रुंद पडद्याच्या थिएटरसाठी एक दृश्य तयार केलं. क्षितिजावरचा ट्रॉलर अनंत अंतरावर भासायला हवा, तर त्याची दोन चित्रं पडद्यावर एकमेकांपासून साडेसहा सेंटिमीटर अंतरावर हवीत, डोळ्यांतल्या अंतराइतकी. तीच डिस्क ४० इंची टीव्हीवर लावा. पडद्याची रुंदी ८८ सेंटिमीटरच, म्हणून ते अंतर आक्रसून सहा मिलिमीटरांच्या आत येतं. अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला भूमितीच्या हिशेबाने तो ट्रॉलर टीव्हीच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर दिसतो. समुद्र भिंतीत जातो. १२० इंची पडद्याचा प्रोजेक्टर लावला, साडेतीन मीटरवरून पाहिलं, तरी तो सव्वा मीटरच मागे सरकतो.

त्यात डोळ्यांची ओढाताण आहेच. चित्र पुढे आल्यासारखं दिसतं तेव्हा दोन्ही बुबुळं आत वळतात, पण भिंग मात्र पडद्यावरच रोखलेलं ठेवावं लागतं. निसर्गात या दोन क्रिया कायम जोडीने होतात, म्हणून काहींचं डोकं दुखतं.

२०१६ मध्ये आलेल्या ४के ब्लू-रेमध्ये थ्रीडीला जागाच ठेवली नाही. त्याऐवजी ब्लू-रेच्या चौपट ठिपके आणि प्रत्येक मूळ रंगासाठी ८ ऐवजी १० बिट, म्हणजे कितीतरी जास्त छटा दिल्या. मला हा निर्णय बरोबर वाटतो. संध्याकाळच्या आभाळाचा केशरी रंग पट्टे न पडता विरत गेला, आणि डोंगराच्या सावलीतली झाडं वेगळी दिसली, तर दूरच्या अंतरासाठी मेंदू ज्या खुणा शोधतो त्या चित्रात शाबूत राहतात. ४के पडद्यावर हलक्या चष्म्यातही प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० ओळी मिळू शकत होत्या, एवढी एक हळहळ वाटते. असे संच निघाले, पण लवकर बंद झाले.

घरात जुन्या थ्रीडी डिस्क असतील तर टाकू नका. त्यातल्या पुष्कळ डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवरही चालतात. प्लेअर पूर्ण साठवलेलं पहिलं चित्र तेवढं वाचतो, फरकाची नोंद सोडून देतो, आणि सगळ्या ओळी पूर्ण उजेडात, चष्म्याशिवाय दिसतात.