डिक्कीची पीळसळई

डिक्कीची पीळसळई : जुन्या मोटारीच्या डिक्कीच्या झाकणाचे वजन तोलून धरणारी, स्प्रिंगच्या पोलादाची लांब सळई. बहुधा जोडीने असते. विदर्भातल्या तालुक्याच्या गॅरेजात हिला कोणी ‘टॉर्शन’ म्हणते, कोणी नुसते ‘डिक्कीचा गज’. गज तुटला की झाकणाला काठीचा टेकू लागतो, आणि डिक्कीतून सरकीचे पोते ओढताना धक्का लागून तो टेकू निसटतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरात हा मार मानेवर खाल्लेला एखादा माणूस सापडतोच.

दोन्ही सळ्या मागच्या सीटच्या पाठीशी आडव्या बसतात आणि मध्ये एकमेकींना ओलांडतात. डाव्या बिजागरीत अडकलेल्या सळईचे दुसरे टोक उजवीकडच्या खाचेत असते, उजवीचे डावीकडे. झाकण खाली ओढले की बिजागरीचा बाक सळईला पिळतो. कुलूप उघडताच तो पीळ सुटू पाहतो आणि झाकण वर येते. १९६०च्या दशकातल्या फोर्ड मस्टँग आणि शेव्हर्ले कॅमारो या अमेरिकी गाड्यांत हीच मांडणी आहे. सगळ्या जुन्या गाड्यांत ती असतेच असे नाही. त्यामुळे सुटा भाग शोधायला निघण्याआधी बिजागरीजवळ वाकून पाहावे.

सळईची ताकद तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ६ मिलिमीटरऐवजी ६.६ मिलिमीटरची सळई घातली, तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण पिळाचा जोर जवळपास दीडपट होतो. मग झाकण बंद करताना छातीने दाबावे लागते आणि सुटले की उसळून काचेकडे धावते. ‘जाड आहे, टिकेल’ हा हिशेब इथे चुकतो.

बसवण्याचे काम दोघांचे आहे. मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून सकाळीच लिंबाखाली गाडी घ्यावी. झाकण पूर्ण उघडावे, कारण त्या स्थितीत पीळ सर्वांत कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. एकाने झाकण धरून राहावे. रंगाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून कडेवर बारदाना अंथरावा. डावी-उजवी सळई सारखी दिसली तरी तिचे वाक वेगळे असतात, म्हणून जुन्या काढतानाच चिंधी बांधून खूण करावी. बिजागरीकडचे टोक आधी अडकवायचे. दुसऱ्या वाकड्या टोकावर अर्ध्या इंची पाईपचा हातभर तुकडा चढवायचा, अंगाचा भार देऊन पीळ द्यायचा आणि टोक खाचेवर आणून अलगद बसवायचे. या क्षणी मिस्त्री ओरडतो, ‘सोडू नोको!’ पाईप घसरला तर सळई चाबकासारखी फिरते. तिच्या फिरण्याच्या वाटेत तोंड नको, डोळ्यांवर चष्मा हवा. नुसत्या पक्कडीने हे करू पाहणारे बहुधा एकदाच तसे करतात. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन खाचा असतात. एक खाच पुढे सरकवली की पीळ वाढतो. दोन्ही बाजूंची खाच सारखी ठेवावी, नाहीतर झाकण तिरके बसते.

सळई सापडत नाही तेव्हा माणसे लोहाराकडे जातात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सळईचे उलटे आहे. भट्टीत लाल केली की पोलादाचे पाणी उतरते, आकार हुबेहूब राहतो आणि पीळ धरण्याची ताकद जाते. अशी सळई चार-आठ दिवसांत वाकलेली तशीच राहते. तुटलेल्या जागी वेल्डिंग केले तर ती सांध्याच्या शेजारी पुन्हा तुटते. त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीची जुनी सळई, गंजाने खड्डे पडलेले नसतील तर, केव्हाही बरी.

काहीजण सळ्या काढून गॅसचे दांडे, म्हणजे दाबलेला गॅस भरलेल्या बंद नळ्यांचे टेकू, लावतात. बसवायला ते सोपे असतात. पण विदर्भात पौषातली पहाट १० अंशांची आणि वैशाखातली दुपार ४५ची. एवढ्या फरकाने बंद गॅसचा दाब, आणि म्हणून झाकण उचलण्याचा जोर, सुमारे १२ टक्क्यांनी बदलतो. शिवाय त्यांच्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडावी लागतात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. तशी इच्छा असेल तर पत्र्याला हात न लावलेला बरा.

सळ्या एकमेकींना ओलांडतात तिथली रबरी क्लिप बहुतेक गाड्यांत केव्हाच वाळून गळालेली असते. ती नसली की खडीच्या रस्त्यावर डिक्कीतून खडखड येत राहते आणि मालक मागचे सस्पेन्शन उघडत बसतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की आवाज थांबतो.