केकच्या निकालात नेमकं काय ठरलं?
‘धर्माचं कारण सांगून समलिंगी गिऱ्हाइकाला परत पाठवता येतं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय,’ असं २०१८ पासून ऐकतोय. साफ चूक.

२०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या एका बेकरीत दोघे पुरुष स्वतःच्या लग्नाचा केक सांगायला गेले. डिझाइनचं बोलणंही झालं नव्हतं. वाढदिवसाचा केक, बिस्किटं देतो, लग्नाचा नाही, म्हणाला मालक. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये तो ७ विरुद्ध २ ने जिंकला खरा. पण भेदभावाची तक्रार ऐकणाऱ्या राज्याच्या नागरी हक्क आयोगाने सुनावणीत त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली, म्हणून. भेदभावविरोधी कायदा जागच्या जागी राहिला. उलट, असे धार्मिक आक्षेप दुकानदाराला सहसा त्या कायद्यातून सुटका देत नाहीत, हे त्याच निकालपत्रात आहे. लोक नेमकं हेच गाळतात, याचं वाईट वाटतं.

समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या वेबसाइट बनवायच्या नाहीत म्हणणाऱ्या वेबसाइटवालीचा त्याच कोर्टाचा २०२३ चा निकालही अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लागला, धर्मस्वातंत्र्यावर नव्हे.